ढिल्या सांध्याची पक्कड

२ सप्टेंबर

ठमे,

अक्षर मामीचं आहे, बोलणं माझं. माझे हात दिवसभर ग्रीसमध्ये असतात आणि कागद खराब झालेला हिला खपत नाही, म्हणून मी सांगतो आणि ही लिहिते. मध्येच काही शहाणपणाचं आढळलं तर ते हिचं समज.

तू सहा वर्षं हत्यारांच्या कारखान्यात टेबलाशी बसून पकडी तपासतेस. म्हणून एक विचारायचं होतं. आमच्या गॅरेजात एक माणूस आलाय. गॅरेजला नवा, वयानं पन्नाशी उलटलेला. आधीच्या जागी पायरीवरून घसरला आणि उजवा हात कोपराच्या वर मोडला. हाड जुळलं, पण बोटांत जोर म्हणावा तसा आला नाही. मालकानं त्याला एकतीस ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर इंजिनावर काम करून दाखवलं तर ठीक, नाहीतर सुट्या भागांच्या खिडकीत बसून इतरांना नट-बोल्ट काढून द्यायचे. ज्यानं तीस वर्षं इंजिनं उघडली त्याला ती खिडकी नको आहे.

त्याला हत्यारपेटी नव्यानं भरायची आहे. पाने वगैरे त्यानं जमवलेत. अडलंय ते पकडींपाशी. मला विचारत होता, पण मी एकाच पकडीवर जन्म काढलेला माणूस, मला नव्यातलं काय कळतं. अशा हाताला कुठली पक्कड चांगली, ते सविस्तर लिही. फोन करू नकोस. फोनवर तू आपलंच दामटतेस. आणि तुझ्या आईला यातलं काही सांगत बसू नकोस, ताई उगाच चौकशा करत बसते.

मामा


९ सप्टेंबर

मामा,

तुमची दटावणीसुद्धा मामीच्या वळणदार अक्षरात गोड वाटते. यापुढे सगळं तिच्याकडूनच लिहून घेत जा.

आता पकडींचं. पहिली गोष्ट, दुकानात गेलं की दांड्यांच्या रंगीत रबराला भुलायचं नाही. रबर काय, कशालाही चढतं. जबडे मिटून पक्कड दिव्यासमोर धरायची. टोकाशी उजेडाची रेघ दिसली की परत ठेवायची; मागे सांध्याकडे किंचित दिसला तर चालतो. मग धारेत साधा कागद धरून दाबायचं. कागद कापला गेला पाहिजे, चुरगळला तर ती धार नावापुरती. दांडे आडवे हलवून बघायचे, सांध्यात लचक नको. आणि शेवटचं म्हणजे एक दांडा हातात आडवा धरायचा, दुसरा आपल्या वजनानं खाली पडता कामा नये. पडला तर सांधा ढिला आणि पक्कड बाद. दुकानदार नाक मुरडतात, मुरडू देत.

पेटीत सुरुवातीला तीन पुरेत. सपाट जबड्याची आठ इंची, लांब चोचीची एक, आणि पाइप धरायला सरकत्या सांध्याची मोठी. बाराच्या सेटमधल्या नऊ पेटीतच गंजतात.

हे झालं हत्यारांचं. पण मामा, खरं सांगू का? त्या माणसाला पक्कड सुचवण्यापेक्षा दोन शब्द सुनवा. हात चालत नाही आणि हत्यार बदलायला निघालाय, म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. पन्नाशी उलटली, खिडकीत बसून काम मिळतंय, सावलीत, पंख्याखाली. त्यात कमीपणा कसला? उद्या त्याच्या हातून पक्कड सुटली आणि शेजारच्याच्या डोळ्यात गेली तर कुणी निस्तरायचं? तुम्हीच मला लहानपणी गॅरेजच्या दारात उभं करून सांगायचात, ज्याच्या हाताचा भरवसा नाही त्याला गाडीखाली घ्यायचं नाही. मग आता इतके हळवे का झालात? भिडेखातर असल्या माणसाचं ओझं अंगावर घेऊ नका. स्पष्ट सांगा, बाबा रे, तुझे दिवस झाले.

बाकी मी मजेत. परवा एका दिवसात नऊशे पकडी तपासल्या. फोरमनकाका म्हणाले, तुझ्या नजरेला नजर देईल असा माल अजून बनायचाय.

तुमची ठमी


१६ सप्टेंबर

ठमे,

हे पत्र माझं आहे, नुसतं अक्षर नाही. तुझे मामा अंघोळीला गेलेत तेवढ्यात लिहिते आहे.

तो नवा माणूस वगैरे कुणी नाही. तुझे मामाच. जूनमध्ये गॅरेजच्या खड्ड्याच्या पायरीवरून घसरले. तुम्हाला कुणाला कळू द्यायचं नाही, अशी मला तंबी. हाड छान जुळलंय, पण नस दुखावली आहे. डॉक्टर म्हणतात सुधारेल, किती ते सांगत नाहीत. लिहिता येत नाही, बटण लागत नाही. ग्रीसबीस सगळ्या थापा, तीन महिने घरीच आहेत.

तुझं पत्र मी वाचून दाखवत होते. मधली चार वाक्यं गाळणार होते, पण हे माझ्या खांद्यावरून वाचतायत हे माझ्या लक्षातच आलं नाही. ‘पोरगी नियमानं बोलतेय’ एवढंच म्हणाले आणि उठून गेले. रोज सकाळी दोन डबे पुढ्यात घेऊन बसायचे. जुन्या पकडीनं एका डब्यातले खिळे उचलून दुसऱ्यात टाकायचे. कंटाळा येईपर्यंत नाही, हात थरथरेपर्यंत. तुझं पत्र आल्यापासून डब्यांची झाकणं लावलेली आहेत.

मी तुला बोल लावत नाही. तुला काय ठाऊक. पण त्यांना खिडकीत बसवलं तर हा माणूस आतून संपेल, हे मी तीस वर्षांच्या संसारावरून सांगते. तुला कळलंय हे त्यांना दाखवू नकोस, मानी माणूस आहे. पण काहीतरी लिही.

मामी


२० सप्टेंबर

मामा,

मागच्या पत्राची मला लाज वाटते आहे. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे, मी शीतसुद्धा न बघता निकाल दिला. टेबलावर असं केलं असतं तर फोरमनकाकांनी मला दारातूनच परत पाठवलं असतं. त्या माणसाला मी पाहिलेलं नाही, त्याचा हात पाहिलेला नाही आणि इथून उंटावरून शेळ्या हाकल्या. तुम्ही त्याला माझं पत्र दाखवलं नसेल अशी आशा आहे. दाखवलं असेल तर सांगा, ठमीचं तोंड तिच्या डोक्याच्या दोन पावलं पुढे धावतं.

मी आधी जे विचारायला हवं होतं ते आत्ता विचारते. त्याला अवघड काय जातं, दाबायला की उघडायला? किती वेळात हात दमतो? मनगट वळतं का? डावा हात मोकळा असतो की कशात तरी अडकलेला?

सोबत दोन पकडी पाठवते आहे. दोन्ही मी स्वतः निवडल्यात, चारशेतून. एक सहा इंची, हलकी. दुसरीच्या दांड्यांत स्प्रिंग आहे, दाबून सोडली की आपोआप उघडते. अशक्त हातांसाठी आमच्याकडे हीच सुचवतात. त्याला द्या आणि काय वाटलं ते मोकळेपणी कळवा. तुम्ही जेवता ना वेळेवर? मामीला त्रास देऊ नका.

तुमची ठमी


४ ऑक्टोबर

ठमे,

पकडी पोचल्या. दिव्यासमोर धरल्या, उजेडाचा केस दिसत नाही. कागद रेशमासारखा कापला गेला. तुझ्या कारखान्याचं नाव मी आजवर वाईटसाईट घेत आलोय, ते मागे घेतो.

त्या माणसानं दोन्ही वापरून पाहिल्या. तू विचारलंस म्हणून नीट सांगतो. दाबायला त्याला थोडं जमतं. अडतं ते उघडायला. बोटं आत येतात, बाहेर जायचं नाव घेत नाहीत. सहा इंची पक्कड उत्तम आहे, पण नव्या सांध्याला घट्टपणा असतो. एकदा मिटली की उघडायला दुसरा हात लागतो, आणि दुसऱ्या हातात दिवा तरी असतो नाहीतर पाइप. स्प्रिंगवाली उघडते झक्क, पण ती सारखी उलट जोर लावते. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. याची अकरा वेळा दाबून झाली आणि बोटं लटलट कापायला लागली. पाइप आवळून धरणारी एखादी क्लिप काढायला चाळीस वेळा दाबावं लागतं.

त्यानं विचार केलाय. मुदतीची वाट न बघता तो मालकाला सांगणार आहे की खिडकी चालेल. सावली आहे, पंखा आहे. तू म्हणालीस त्यात वावगं काही नव्हतं. आणखी पकडी पाठवू नकोस, चांगला माल घरात पडून राहणं बरं नाही.

(वरचा परिच्छेद मी लिहायला नको म्हणत होते. लिहायला लावला. – मामी)

मामा


१० ऑक्टोबर

मामा,

त्या माणसाला सांगा, एकतीस तारखेपर्यंत मालकासमोर तोंड उघडायचं नाही. तारीख मालकानंच दिली आहे तर पुरती वापरायची. हे पत्र आणि सोबतचं पुडकं आधी बघायचं.

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. मग हातरुमालानं माझी चार बोटं अशी बांधली की मिटतील पण उघडणार नाहीत, आणि टेबलावरची एकेक पक्कड उचलून पाहिली. शेजारच्या बायका म्हणाल्या, ठमीला काम सोसेना. एकही उघडली नाही, मामा. सगळ्या पास झालेल्या, शिक्का मारलेल्या, अव्वल. मला इतकी चीड आली की मी जागची उठले.

टेबलाच्या बाजूला लाल पिंप असतं, बाद मालाचं. आठवतंय ना मी काय लिहिलं होतं? एक दांडा आडवा धरायचा, दुसरा पडला तर पक्कड बाद. का बाद, हे मी सहा वर्षांत कुणाला विचारलं नाही. गिऱ्हाइकाला दुकानात ढिली लागली तर तो घेत नाही, एवढंच कारण. बांधलेल्या हातानं मी पिंपातली एक उचलली. एक दांडा तळव्यात राहिला आणि दुसरा आपला आपण खाली आला. उघडली. दाबली, मिटली. हात सैल सोडला, पुन्हा उघडली. ना स्प्रिंग, ना उलटा जोर. मी तिथे पिंपाशी उभी राहून रडले, आता बायका काय म्हणाल्या ते लिहीत नाही.

पण पिंपातलं सगळंच कामाचं नाही. सांध्यात आडवी लचक असलेली पक्कड आणि नुसती सहज उघडणारी पक्कड, दोन्ही आम्ही एकाच पिंपात टाकतो. पहिली खरंच टाकाऊ, ती क्लिपेवरून घसरणार आणि बोटं सोलणार. दुसरीत काही खोट नाही. मी सुट्टीनंतर थांबून दोनशे चाळीस पकडी पाहिल्या. लचक नाही, जबडे टोकाशी जुळतात, धार कागद कापते आणि सांधा सहज पडतो, अशा तीन निघाल्या. त्या तीन सोबत आहेत.

बाद माल फाटकाबाहेर जात नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. फोरमनकाकांनी विचारलं, कशाला हव्यात? मी म्हटलं, एका माणसासाठी, ज्याला मी न बघता बाद केलं. मग त्यांनी स्वतः घासून तिन्हींवरचं कारखान्याचं नाव काढलं आणि फाटकाची चिठ्ठी लिहून दिली. म्हणून त्या अशा बोडक्या दिसतात.

आता वापरायचं कसं ते. तळवा थोडा खाली झुकवून धरायची, म्हणजे खालचा दांडा बोटांवर पडतो. तळवा वर असला तर उघडणार नाही. सांध्यात तेलाचा एकच थेंब, ग्रीस नको, ग्रीसनं जड होईल. पहिले दोन दिवस खिळ्यांवर सराव करायचा, एका डब्यातून दुसऱ्या डब्यात.

आणि त्याला माझं एवढं सांगा. मी जे लिहिलं, तुझे दिवस झाले म्हणून, ते खोटं होतं. त्या माणसाच्या डोक्यात तीस वर्षांची इंजिनं आहेत. ती खिडकीत बसवून ठेवली तर मला फार वाईट वाटेल. आयुष्यभर वाटेल.

तुमची ठमी


२ नोव्हेंबर

ठमे,

मी महिनाभर गप्प होतो कारण सांगण्यासारखं काही हाती नव्हतं. आता आहे.

आधी एक गोष्ट निकालात काढू. तो माणूस मी. हे तुला माहीत आहे आणि तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. वीस सप्टेंबरचं तुझं पत्र आलं तेव्हाच ओळखलं. तू मला जन्मात कधी ‘जेवता ना वेळेवर’ असं विचारलेलं नाहीस. आणि डब्यातून डब्यात खिळे टाकायचं तुला स्वप्नात दिसलं नसेल. मामीला मी काही बोललो नाही. तिनं केलं ते बरं केलं. मीच भित्रा. आपल्या भाचीनं आपल्याला अधू म्हणून ओळखू नये म्हणून एक खोटा माणूस उभा केला, आणि मग त्याच्या आडून तुझे फटके खाल्ले. दुसऱ्याचं नाव घेऊन विचारलं म्हणून तू खरं काय वाटतं ते लिहिलंस. तेही बरंच झालं. माझ्या तोंडावर तू तसं कधी बोलली नसतीस, आणि मनात मात्र मी ते रोज स्वतःला बोलत होतो.

तिन्ही पकडी वापरल्या. पहिली अंमळ जड. तिसरी बोटांत मावत नाही. दुसरी जमली. खिळ्यांनी सुरुवात केली, मग वॉशर, मग घरातल्या नळाच्या क्लिपा. मामीनं तीनदा सांगितलं की नळ आधी गळत नव्हता, मीच गळायला लावला.

एकतीसला गेलो. मालकानं मुद्दाम अवघड काम काढलं होतं, मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. एका जुन्या ट्रकच्या इंजिनामागे पाण्याच्या पाइपाची क्लिप. तिथे नजर पोचत नाही, नुसतं बोटांना कळतं. डाव्या हातानं पाइप धरला, उजवा आत घातला. क्लिपेचे दाबायचे दोन कान कुठे आहेत ते बोटांना लगेच कळलं. ते विसरलेली नाहीत, ठमे. जोर नाही, पण आठवण आहे. दाबली, निसटली. पुन्हा उघडली, पुन्हा दाबली. अर्ध्या वाटेत घामानं डोळे चुरचुरायला लागले आणि मला वाटलं की आता हात काढून घ्यावा आणि सरळ घरी जावं. तेवढ्यात क्लिप सरकली.

पस्तीस मिनिटं लागली. मालक घड्याळ बघून म्हणाला, आधी तुम्ही हे पाच मिनिटांत करायचात. मी म्हटलं, आणि तीस मिनिटं चहा प्यायचो, वेळ तेवढाच. तो हसला. मग म्हणाला, सोमवारपासून या, दुपारपर्यंत.

एक गोष्ट मी आपणहून सांगितली. गाडीखाली मी जाणार नाही. वरून जेवढं होतं तेवढं करीन, खालचं दुसऱ्यानं करायचं आणि मी शेजारी उभं राहून सांगायचं. ज्याच्या हाताचा भरवसा नाही त्याला गाडीखाली घ्यायचं नाही, हा नियम माझाच आहे. दुसऱ्यांसाठी केला तेव्हा सोपा होता. स्वतःला लावताना जड गेला, पण लावला. मालकाला ते पस्तीस मिनिटांपेक्षा जास्त पटलं असावं.

घरी आलो. मामी दारातच उभी होती. मी गॅरेजचे कपडे कपाटातून काढले आणि तिच्या हातात दिले. म्हटलं, सोमवारी लागतील, जूनपासून पडून आहेत, एकदा धुऊन ठेव.

एवढं लिहून झाल्यावर मामी थांबली आहे. का थांबलीस विचारलं तर म्हणते, पेन चालत नाही. मी म्हटलं, हेही लिही. पेन चालतंय.

मामा